आधी गरम डबा बदला

माझी भाची मुंबईत लालबागला राहते. तिला पाचवा महिना सरत आला तेव्हा मी चार दिवस तिच्याकडे राहायला गेले होते. रविवारी सकाळी जावई खालच्या उडप्याकडून इडली-सांबार घेऊन आले. सांबाराची पातळ पिशवी टम्म फुगलेली, तोंडाला दोरा गच्च गुंडाळलेला, हातात धरवत नव्हती इतकी गरम. भाचीने दोरा सोडवायचा प्रयत्न केला, सुटेना. मग कात्रीने कोपरा कापून तिने सांबार पातेल्यात ओतलं. रिकाम्या पिशवीला आतून तेलाचा तांबूस थर चिकटला होता आणि दोऱ्याजवळचं प्लास्टिक मऊ पडून सुरकुतलं होतं. ती पिशवी उजेडात धरून बघत ती म्हणाली, "मावशी, पपई नको, कच्चं काही नको, हे सगळ्यांनी सांगितलं. हे कुणीच नाही सांगितलं."

खरं आहे. म्हणून ज्यांच्या घरात कुणाला दिवस गेलेत त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. फक्त होणाऱ्या आईसाठी नाही. सांबार आणणाऱ्याने, डबा भरणाऱ्याने आणि देवापुढे उदबत्ती लावणाऱ्यानेही वाचावं.

आधी थोडं समजून घेऊ. प्लास्टिकला मऊपणा, कडकपणा, चकाकी, टिकाऊपणा येण्यासाठी त्यात निरनिराळी रसायनं घालतात. त्यांतली दोन नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. एक थॅलेट. पीव्हीसी मऊ आणि लवचीक करायला ती लागतात, आणि सुगंध जास्त वेळ टिकावा म्हणून अत्तर, पावडर, क्रीम यांतही त्यांचा एक प्रकार वापरला जातो. दुसरं बिस्फेनॉल-ए, म्हणजे बीपीए. कडक, काचेसारख्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट प्लास्टिकमध्ये, खाद्यपदार्थांच्या पत्र्याच्या डब्यांना आतून दिलेल्या लेपात आणि बिलाच्या गुळगुळीत कागदावर ते असतं. थॅलेट प्लास्टिकशी पक्की जोडलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात. उष्णता लागली की ती सुटतात आणि तेल-तुपात सहज उतरतात. बीपीएसुद्धा उष्णतेने, आणि खरवडून घासण्याने, जास्त सुटतं.

हार्मोनशी यांचा संबंध हा नवा शोध नाही. बीपीए शरीरात इस्ट्रोजेनसारखं वागतं हे एडवर्ड चार्ल्स डॉड्स या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३६ मध्येच दाखवलं होतं. पुढे त्याच रेणूपासून प्लास्टिक तयार होऊ लागलं आणि ते घराघरात पोचलं. १९९८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडच्या पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या स्त्रीबीजांत अचानक दोष दिसायला लागले. शोध घेतल्यावर कळलं की कुणीतरी पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकीच्या, तीव्र डिटर्जंटने धुतल्या होत्या. प्लास्टिकचा पृष्ठभाग खराब झाला होता आणि त्यातून बीपीए झिरपत होतं. तारेच्या घासणीने खसाखसा घासलेला, पांढुरका पडलेला प्लास्टिकचा डबा हातात आला की मला ते पिंजरे आठवतात.

आणि हा विषय आपल्या दाराशी आहे. परळला जहांगीर मेरवानजी मार्गावर प्रजनन आणि बालआरोग्यावर संशोधन करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था आहे. केईएम आणि वाडिया हॉस्पिटलला जाणाऱ्या कितीतरी गरोदर बायका त्याच परिसरातून रोज जातात. तिथल्या स्मिता सालियन, तन्वी दोशी आणि गीता वनगे यांनी गाभण उंदरिणींना बीपीएची अगदी सूक्ष्म मात्रा दिली, वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ आणि २.४ मायक्रोग्रॅम. गाभणपणाच्या बाराव्या दिवसापासून पिल्लं एकवीस दिवसांची होईपर्यंत ती चालू ठेवली. जन्मलेल्या नर पिल्लांची प्रजननक्षमता मोठेपणी घटलेली निघाली. त्यांच्या पुढच्या पिढ्यांना बीपीए दिलंच नव्हतं, तरी परिणाम तिसऱ्या पिढीपर्यंत दिसला. हे संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. उंदरावरून माणसाबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाही, हे मी भाचीलाही सांगितलं. पण गाभणपणातला काळ किती नाजूक असतो ते त्यातून कळतं.

आता आईच्या हार्मोनबद्दल. गरोदरपणात शरीराचा सगळा कारभार हार्मोनवर चालतो. प्रोजेस्टेरॉन गर्भाशय शांत ठेवतं, इस्ट्रोजेन ते वाढवतं आणि दुधाची तयारी करतं, इन्सुलिनवर साखरेचा तोल राहतो. वारसुद्धा स्वतः हार्मोन तयार करते. तिच्यातलं सीआरएच हे हार्मोन दिवस भरत येतील तसं वाढतं आणि बाळंतपणाची वेळ ठरण्याशी त्याचा संबंध आहे. थायरॉइडचं महत्त्व तर विशेषच, कारण पहिल्या तीनेक महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी कामाला लागलेली नसते. त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं थायरॉइड हार्मोन आईकडूनच जातं.

पोर्टो रिको बेटावर २०१० पासून गरोदर स्त्रियांचा मोठा अभ्यास चालू आहे. त्यांच्या लघवीतलं थॅलेट आणि बिस्फेनॉलचं प्रमाण आणि रक्तातली प्रोजेस्टेरॉन, इस्ट्रिऑल (इस्ट्रोजेनचा एक प्रकार), सीआरएच, थायरॉइड हार्मोनची पातळी यांचा संबंध तिथे आढळला आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या १६ अभ्यासांमधली ६,०४५ गरोदर स्त्रियांची माहिती एकत्र करून तपासली गेली, तेव्हा काही थॅलेटचं प्रमाण जास्त असलेल्या स्त्रियांत दिवस पुरे होण्याआधी बाळंत होण्याची शक्यता थोडी वाढलेली दिसली. 'थोडी' हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. एका बाईच्या पोटातल्या एका बाळाला अमुक पिशवीमुळे अमुक होईल, असं कोणताही अभ्यास सांगत नाही. पण धोका छोटा असला तरी तो टाळायला खर्च फारसा नाही, मग टाळायचा का नाही? जगभरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फिगो' या महासंघाने २०१५ मध्ये हेच सांगितलं: अशा रसायनांचा संपर्क कमी करण्याबद्दल गरोदर बाईशी बोलणं हे डॉक्टरांचं कामच आहे.

सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट ही की थॅलेट आणि बीपीए शरीरात साठून राहत नाहीत. बहुतेक भाग एका दिवसाच्या आत लघवीवाटे निघून जातो. ती रोज सापडतात, कारण आपण रोज नव्याने आत घेतो. म्हणजे आज केलेला बदल उद्या लागू पडतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या पाच कुटुंबांना तीन दिवस ताजं, प्लास्टिकचा स्पर्श टाळून केलेलं जेवण दिलं. त्यांच्या लघवीतलं बीपीए सरासरी ६६ टक्क्यांनी उतरलं, आणि डीईएचपी या थॅलेटच्या खुणा निम्म्याहून कमी झाल्या. नुसत्या तीन दिवसांत. त्यामुळे सातवा महिना लागला असेल तरी उशीर झाला असं समजू नका, आणि झालेल्या महिन्यांबद्दल मनाला लावून घेऊ नका.

भाचीच्या घरी आम्ही मांडणीपासून सुरुवात केली. नियम एकच ठेवला: गरम, तेलकट आणि प्लास्टिक ही तिन्ही एकत्र येतात ती जागा आधी शोधायची. प्लास्टिकच्या बरणीतले तांदूळ, तूरडाळ, पोहे तिथेच राहू दिले. कोरडं, गार धान्य प्लास्टिकमध्ये राहिलं तर त्याची चिंता नको. एका दिवसात सगळं फेकून नवी भांडी घेण्याचा नाद करू नका. बाळंतपणाचा खर्च पुढे उभा आहे.

पहिला निघाला तो जेवणाचा डबा. भाची लोअर परळच्या ऑफिसात नेते तो, चार कप्प्यांचा, रंगीत झाकणाचा. सकाळी आठ वाजता वाफाळती आमटी त्यात जाते, झाकण लागतं आणि दुपारी तोच डबा मायक्रोवेव्हमध्ये. डब्यावर 'मायक्रोवेव्ह सेफ' लिहिलेलं आहे, मग काय हरकत, असं तिने विचारलं. त्या शब्दांचा अर्थ डबा वितळणार नाही, वाकणार नाही, एवढाच धरावा. त्यातून काहीच सुटणार नाही, असा नव्हे. 'बीपीए-फ्री'चंही तेच. पुष्कळदा बीपीएच्या जागी बीपीएस हे त्याचंच भावंड येतं आणि प्रयोगशाळेत तेही हार्मोनसारखं वागताना दिसलं आहे. ज्या शहरात १८९० पासून डबेवाले जेवण पोचवताहेत, त्या शहरात स्टीलच्या डब्याचं महत्त्व मी काय सांगू? स्टीलच्या डब्यात न्या, आणि गरम करायचं तर ऑफिसात एक चिनी मातीची किंवा काचेची ताटली-वाटी ठेवा, त्यात काढून गरम करा. स्टील मात्र मायक्रोवेव्हमध्ये घालू नका.

स्टील भुलेश्वरजवळच्या तांबाकाट्यावर किंवा लालबाग-दादरच्या कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळतं. तांब्याची हौस असेल तर त्यात फक्त पाणी. ताक, सोलकढी, लिंबू सरबत अजिबात नाही. चिंच-कोकमाची आमटी ॲल्युमिनियममध्ये ठेवू नये. पितळेची पातेली वापरत असाल तर कल्हई ओळखीच्या, खात्रीच्या माणसाकडून करून घ्या, कारण कथलात शिसं मिसळलेलं असेल तर ते गरोदरपणात प्लास्टिकहून वाईट.

बाहेरच्या गरम पदार्थांना दुसरा नंबर. मुंबईच्या ऑफिसांत चहा अजूनही पातळ पिशवीतून येतो आणि तिथून कागदी कपात ओतला जातो. कागदी कपाला आतून प्लास्टिकचाच पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी अशा कपात गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवलं, तर १०० मिलिलिटरमध्ये प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरल्याचं आढळलं. काचेच्या ग्लासातली कटिंग याहून केव्हाही बरी. टेबलावर स्वतःचा स्टीलचा पेला ठेवा. पातळ पिशवी कशापासून बनवली आहे ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना काढली, एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी वर्तमानपत्रात आणि जुन्या प्लास्टिकपासून बनवलेल्या पिशव्यांत अन्न बांधायला मनाई केली, तरी गल्लीत काय चालतं ते आपण पाहतो. नियमाची वाट बघण्यापेक्षा घरातून डबा नेणं हातातलं आहे.

मसाल्याचं मात्र नीट सांगायला हवं, कारण लालबाग म्हणजे मसाला. एप्रिल-मेमध्ये मिरची गल्लीत मसाला कुटणाऱ्या डंखांचा ठोका सुरू झाला की अख्खा रस्ता शिंकतो. भाजलेल्या, तेल लावलेल्या मिरच्या आणि खडा मसाला डंखात कुटून निघतो तेव्हा हाताला चांगला ऊन लागतो. तो तसाच ऊन मसाला प्लास्टिकच्या पिशवीत भरून, गाठ मारून घरी येतो आणि पुष्कळ घरांत वर्षभर प्लास्टिकच्याच बरणीत राहतो. ऊन आणि तेलकट, दोन्ही. मसाले या बाबतीत किती हळवे असतात ते अमेरिकेतल्या सिएटलच्या एका प्रयोगात अपघाताने कळलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात दहा कुटुंबं होती. त्यांतल्या काहींना प्लास्टिक टाळून शिजवलेलं ताजं जेवण दिलं, आणि त्यांच्या शरीरातली थॅलेट कमी होण्याऐवजी भलतीच वाढली. पदार्थ तपासले तेव्हा धणे पावडरीत डीईएचपी प्रचंड प्रमाणात सापडलं. यावरून आपल्या मसाल्यात ते आहे असं म्हणता येत नाही. पण आपण मसाला ओळखीच्या दुकानातून खडा घेतो, निवडतो, वाळवतो, समोर उभं राहून कुटून घेतो, हे केवढं मोठं सुख आहे! फक्त शेवटची पायरी सांभाळा. डंखावर जाताना स्टीलचे डबे किंवा स्वच्छ सुती पिशवी न्या. घरी आल्यावर मसाला कागदावर पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा, वर हिंगाचा खडा. धणे-जिऱ्याची पूड दर पंधरवड्याला घरी मिक्सरवर करा. लोणच्यालाही तीच बरणी. तेल आणि आंबट दोन्ही असलेला पदार्थ महिनोन् महिने प्लास्टिकमध्ये कशाला ठेवायचा?

पाण्याचा प्रश्न चाळीत वेगळा आहे. पाणी ठरलेल्या वेळेला येतं, पिंप भरल्यावाचून गत्यंतर नाही. गार पाण्याच्या चांगल्या पिंपाची मी धास्ती घेणार नाही. मात्र जुना निळा ड्रम स्वस्तात मिळाला म्हणून आणू नका. त्यात आधी कोणतं रसायन होतं ते कळत नाही. पिण्याचं पाणी माठात, स्टीलच्या पिंपात किंवा कळशीत काढून ठेवा. उकळलेलं पाणी गार झाल्याशिवाय प्लास्टिकच्या बाटलीत भरू नका. ऑफिसातला वीस लिटरचा जार कधी उलटा करून बघा. तळाला त्रिकोणात ७ आकडा असेल आणि प्लास्टिक कडक, पारदर्शक असेल, तर तो बहुधा पॉलिकार्बोनेटचा. हार्वर्डच्या ७७ विद्यार्थ्यांनी आठवडाभर पॉलिकार्बोनेटच्या बाटलीतून फक्त गार पेयं प्यायली, तेवढ्याने त्यांच्या लघवीतलं बीपीए ६९ टक्क्यांनी वाढलं होतं. घरून स्टीलची बाटली न्या.

स्वयंपाकघराबाहेर दोन गोष्टी. सुगंध ही पहिली. दहा बाय बाराच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ उदबत्ती, कपाटात फ्रेशनर, अंगाला सुवासिक पावडर, केसांना सुगंधी तेल, असा दिवस जातो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियातल्या शंभर मुलींनी तीन दिवस साधी, विशिष्ट रसायनं नसलेली प्रसाधनं वापरली आणि सुगंधातल्या थॅलेटची त्यांच्या शरीरातली खूण २७ टक्क्यांनी घटली. देवापुढे तुपाचं निरांजन लावा, दादरच्या बाजारातून मोगऱ्याचा गजरा आणा. वास हवाच तर तो खरा. नऊ महिने नेलपॉलिश आणि डिओडरंट नसलं म्हणून काही अडत नाही. जिचं पोट पार्लरवर आहे तिने खिडकी उघडी, पंखा चालू आणि नेलपॉलिशचं काम दुसरीकडे, एवढं तरी मालकिणीकडे हक्काने मागावं.

दुसरी गोष्ट बिलाच्या गुळगुळीत कागदाची. बसचं तिकीट हातात धरलं म्हणून काही होत नाही. पण दिवसभर काउंटरवर बिलं फाडणाऱ्या मुलीला मात्र होऊ शकतं, त्यातून हाताला सॅनिटायझर किंवा क्रीम लावलेलं असेल तर बीपीए कातडीतून जास्त आत जातं. हात कोरडे ठेवा, जेवणाआधी साबणाने धुवा, बिलं पर्समध्ये कोंबून ठेवू नका. घरातली धूळही ओल्या फडक्याने पुसा, कारण टेबलावरच्या मऊ प्लास्टिकमधून, फरशीवर अंथरलेल्या विनाइलमधून सुटलेली थॅलेट धुळीत बसतात. पुसण्याचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं.

काही गोष्टी मात्र बदलू नका. लोह, कॅल्शियम, फॉलिक ॲसिड किंवा थायरॉइडची गोळी वेष्टनात प्लास्टिक आहे म्हणून सोडू नका. हॉस्पिटलमध्ये सलाइन लावायची वेळ आली तर नळी प्लास्टिकचीच असणार, तिथे विचार करत बसू नका. लघवीतली रसायनं मोजून देणाऱ्या खासगी तपासण्यांवर पैसे घालवू नका. त्यांचा आकडा बघून पुढे काय करायचं हे कुणी सांगू शकत नाही. त्याऐवजी थायरॉइडसाठी टीएसएच, साखर, हिमोग्लोबिन, रक्तदाब वेळच्या वेळी बघा. घरात आयोडीनयुक्त मीठ वापरा. पोटात कळा, अंगावरून रक्त जाणं, तीव्र डोकेदुखी, चेहऱ्यावर सूज, यांतलं काही झालं तर कारण शोधत घरी थांबू नका, दवाखाना गाठा.

डोहाळजेवण जवळ आलं असेल तर आधीच सांगून ठेवा. गरम मसालेभात थर्माकोलच्या ताटात वाढायचा नाही. केळीचं पान किंवा पत्रावळ आणा, नाहीतर शेजारच्या दहा घरांतून स्टीलची ताटं गोळा करा. पूर्वी वाडीत असंच व्हायचं, ताटांच्या तळाला नावं कोरलेली असायची ती त्यासाठीच. भेट काय आणू असं कुणी विचारलं तर दूध-बाटल्यांच्या सेटऐवजी स्टीलची वाटी-चमचा किंवा बोंडलं सांगा.

हे सगळं ऐकून भाची शेवटी जरा रडवेली झाली. "म्हणजे आणखी एक गोष्ट मीच सांभाळायची," ती म्हणाली. मी तिथेच जावयांना हाक मारली आणि यादी त्यांच्या हातात दिली. सांबार, चहा, मसाला, बाजारहाट हे त्यांचं. डबा भरणं सासूबाईंचं. तिने फक्त जेवायचं. पुढच्या रविवारी ते दोन कडीचे डबे घेऊन खाली उतरले. उडप्याने काही न विचारता सांबार त्यात ओतलं, वर चटणीसाठी छोटी वाटी मागून घेतली. येताना जिन्यावर एका डब्यातून सांबार गळून त्यांचा पायजमा रंगला. तेव्हा नवा डबा घेतलात की आधी त्यात पाणी भरा, कडी लावा, आडवा करून मोरीत पाच मिनिटं ठेवा. गळत असेल तर त्याच दिवशी दुकानात बदलून आणा.